आनंदाला पिवळं कार्ड?



फुटबॉलमध्ये एक नियम आहे. गोल केल्यावर आनंदाच्या भरात खेळाडूनं अंगातला शर्ट काढला, तर पंच त्याला पिवळं कार्ड दाखवतात. पिवळं कार्ड म्हणजे ताकीद. त्याच सामन्यात दुसरं पिवळं मिळालं, की लाल कार्ड, आणि खेळाडू मैदानाबाहेर. २००४ सालापासून शर्ट काढण्याबद्दलची ही ताकीद सक्तीची आहे. पंचाला वाटलं तर द्यावी असं नाही, द्यायलाच हवी. गंमत म्हणजे तो गोल पुढे रद्द ठरला, तरी ताकीद कायम राहते. म्हणजे आनंद वाया गेला आणि दंड मात्र बसला!

आमच्याकडे फुटबॉलचा शौक नातवाला. शाळेच्या संघात खेळतो आणि घरी आला की मोबाइलवर जुने सामने पाहत बसतो. हा नियम त्यानंच मला सांगितला आणि विचारलं, "आजी, आनंद झाला म्हणून कुणी शिक्षा करतं का गं?" मी म्हटलं, "बाळा, हे बायकांना विचार." तो हसला. मी मात्र थट्टा करत नव्हते. आपल्या पिढीतल्या जवळजवळ प्रत्येकीनं हे ऐकलेलं आहे. फार हसू नये, मग रडावं लागतं. चारचौघांत दात काढू नयेत. मुलीच्या जातीनं उड्या मारू नयेत. पंच नव्हता, शिट्टी नव्हती, तरी पिवळी कार्डं आपल्याला भरपूर मिळाली.

म्हणून आज हा विषय घेतला. माझं मत आधीच सांगून टाकते. शिक्षा हवीच, पण आनंद किती मोठा होता यावरून ती ठरू नये. तो कुणावर रोखला होता आणि त्याची किंमत कुणी मोजली, यावरून ठरावी. फुटबॉलच्या नियमानं यातलं काही बरोबर पकडलं आहे आणि काही चुकवलं आहे. आपल्या घरांत आणि समाजातही बहुतेक तसंच चालतं.

नियमाच्या पुस्तकात नेमकं काय आहे ते पाहू. खेळाडूंनी गोलचा आनंद साजरा करायला हरकत नाही, तो अति होऊ नये, असं तिथं म्हटलं आहे. आधी बसवून आणलेले नाच वगैरे करायला उत्तेजन नाही आणि त्यात फार वेळ दवडू नये. मग ताकीद कशाकशाला, ते येतं. कुंपणावर चढणं किंवा प्रेक्षकांना धोका होईल अशा रीतीनं त्यांच्याकडे जाणं, समोरच्याला डिवचणारे किंवा खिजवणारे हावभाव करणं, मुखवट्यानं तोंड झाकणं, आणि शर्ट काढणं किंवा डोक्यावर ओढून घेणं.

यातल्या पहिल्या दोन गोष्टी कुणालाही पटतील. कुंपणापाशी गर्दी उसळली तर माणसं चेंगरतात. डिवचलं तर भांडण पेटतं. मुखवट्याचं मला फारसं काही वाटत नाही. पण शर्ट? त्यानं कुणाचं काय बिघडलं?

११ जुलै २०१० ला दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, स्पेन आणि नेदरलँड्सचा. ११६ व्या मिनिटापर्यंत गोल नव्हता. तेव्हा स्पेनच्या आन्द्रेस इनिएस्तानं गोल केला, धावत गेला आणि शर्ट काढला. आत एक साधा बनियन होता आणि त्यावर हातानं लिहिलं होतं, दानी हार्के सदैव आमच्याबरोबर. हा दानी हार्के त्याचा मित्र, एस्पान्योल क्लबचा कर्णधार. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, अवघ्या २६ व्या वर्षी, हृदय बंद पडून गेला होता. जगातल्या सगळ्यात मोठ्या सामन्यातला सगळ्यात मोठा क्षण इनिएस्तानं गेलेल्या मित्राच्या नावावर केला. पंचांनी त्याला पिवळं कार्ड दाखवलं. पंचांची चूक नव्हती, नियमच तसा आहे. पण त्या आनंदानं कुणाला टोचलं? कुणालाच नाही.

दुसरा प्रसंग बायकांचा. ३१ जुलै २०२२, लंडनचं वेम्बली मैदान, महिलांच्या युरोपीय स्पर्धेचा अंतिम सामना, इंग्लंड विरुद्ध जर्मनी. ८७,१९२ प्रेक्षक. जादा वेळेत, ११० व्या मिनिटाला, क्लोई केलीनं इंग्लंडचा विजयी गोल केला. गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीमुळे ती त्याआधी कितीतरी महिने मैदानाबाहेर होती. गोल केल्यावर क्षणभर थांबली, गोल मान्य झाल्याची खात्री केली, आणि मग शर्ट काढून गरागरा फिरवत धावत सुटली. पिवळं कार्ड मिळालंच. इंग्लंडच्या महिला संघाचं ते पहिलं मोठं विजेतेपद.

आता मी काही आधुनिकतेचा झेंडा घेऊन निघालेली नाही. आमच्या नातीनं तसं करावं असं मी म्हणणार नाही, आणि ते दृश्य पाहताना मीही आधी डोळे बाजूला केले. पण नंतर मी तिचा चेहरा पाहिला. त्या चेहऱ्यावर कुणाला खिजवणं नव्हतं. ज्या देशात १९२१ साली फुटबॉल संघटनेनं आपल्या क्लबांची मैदानं बायकांना बंद केली आणि जवळजवळ ५० वर्षं उघडली नाहीत, त्या देशाची लेक ८७ हजार माणसांसमोर जिंकली होती. तिनं आनंद गिळून, मान खाली घालून चालत जावं, ही अपेक्षा मला तरी करवत नाही.

आता उलट बाजू पाहा. त्यासाठी आपल्या ओळखीच्या आयपीएलकडे येऊ, कारण क्रिकेट आपल्यातल्या बऱ्याच जणी पाहतात. २३ मार्च २०२४ ला कोलकात्याच्या हर्षित राणानं हैदराबादच्या मयंक अगरवालला बाद केलं, त्याच्या तोंडासमोर गेला आणि त्याला हवेतून पापी दिली. त्या सामन्यातल्या वागण्याबद्दल एकूण ६० टक्के मानधन कापलं गेलं. महिन्याभरानं त्यानं दिल्लीच्या अभिषेक पोरेलला बाद करून बाहेरचा रस्ता दाखवला. या वेळी सगळं मानधन गेलं आणि एका सामन्याची बंदी आली. ३ मे ला आपल्या मुंबईत, वानखेडेवर, कोलकात्याचा संघ खेळत होता तेव्हा हा मुलगा खेळू शकला नाही.

आणि त्याच २६ मे ला काय झालं? कोलकात्यानं आयपीएल जिंकली. चषक हातात घेऊन सगळ्या संघानं, त्यांच्या मालक शाहरुख खाननंसुद्धा, फोटोसाठी तीच हवेतली पापी दिली. कुणाला दंड नाही, कुणाला राग नाही. मैत्रिणींनो, हात तोच, ओठ तेच, कृती तीच. पहिल्या वेळी ती हरलेल्या माणसाच्या तोंडावर फेकलेली होती, दुसऱ्या वेळी सगळ्यांसाठी होती. मला जे म्हणायचं आहे त्याचा इतका चोख दाखला दुसरा सापडणार नाही.

२०२५ मध्ये लखनौच्या दिग्वेश राठीची वही गाजली. गडी बाद केला की हा हातावर वहीत लिहिल्यासारखं करायचा. म्हणजे तुझं नाव नोंदवलं, तू खलास. पहिल्या वेळी २५ टक्के मानधन कापलं, दुसऱ्या वेळी ५० टक्के, तिसऱ्या वेळी, १९ मे ला हैदराबादच्या अभिषेक शर्माबरोबर जुंपली तेव्हा, पुन्हा ५० टक्के आणि एका सामन्याची बंदी. वहीची ही कल्पना त्याचीही नव्हे. २०१७ मध्ये वेस्ट इंडीजच्या केस्रिक विल्यम्सनं विराट कोहलीला बाद करून वहीत नोंद केली होती. कोहलीनं ती लक्षात ठेवली आणि डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादच्या सामन्यात त्याच्याच चेंडूवर षटकार मारून तशीच नोंद परत केली.

मी तेव्हाच्या औरंगाबादेत बी.कॉम. केलेली बाई. वही म्हटलं की माझे कान टवकारतात. जमाखर्चाचा पहिला धडा असा, की एका खात्यात जमा झालं की दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात नावे पडतंच. खेळही तसाच असतो. एकानं गोल केला म्हणजे दुसऱ्यानं तो खाल्ला. एकाची विकेट म्हणजे दुसऱ्याचं बाद होणं. नियम तोच आहे, त्यात कुणाचा अपराध नाही. पण ज्याच्या खात्यात नावे पडलं, त्याच्यापुढे जाऊन ती रक्कम मोठ्यानं वाचून दाखवायची नसते. आपल्या जुन्या दुकानदारांनाही एवढं कळत होतं. उधारी कुणाकडे किती, हे चारचौघांत बोलायचं नाही. शिवाय अपमानाची वही कधी बंद होत नाही. विल्यम्सनं लिहिलं, कोहलीनं अडीच वर्षांनी फेडलं, मग राठीनं नवी काढली. आपण दशलक्षण संपल्यावर क्षमावाणी करतो ती असली वही बंद करायलाच ना?

नियम नसतानाही शहाणी माणसं हे सांभाळतात. अर्जेंटिनाचा गॅब्रिएल बातिस्तुता इटलीतल्या फिओरेंटिना क्लबकडून नऊ वर्षं खेळला. मग रोमाकडे गेला. नोव्हेंबर २००० मध्ये रोमाकडून त्यानं त्याच जुन्या क्लबविरुद्ध गोल मारला, आणि सामना त्याच एका गोलनं जिंकला गेला. सोबती गळ्यात पडले, तर हा रडत होता. आपण जिंकलो यापेक्षा आपली माणसं हरली हे त्याला आधी दिसलं. अशा माणसाला कार्ड दाखवून संयम शिकवावा लागत नाही.

किंमत कोण मोजतो, हा माझा दुसरा मुद्दा. इथं फुटबॉलचा नियम मला सगळ्यात अपुरा वाटतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये मिझोरमच्या स्थानिक लीगमध्ये पीटर बियाक्सांगझुआला नावाच्या खेळाडूनं बरोबरीचा गोल केला आणि आनंदानं हवेत कोलांटउडी मारली. डोक्यावर पडला. मणक्याला जबर मार बसला आणि पाच दिवसांनी तो गेला. वय २३. आपल्या देशातला मुलगा, कुणाचा तरी लेक. नियमात शर्टाचं नाव आहे, मुखवट्याचं आहे, कुंपणाचं आहे. कोलांटउडीचं नाव नाही. अंगावरचं कापड काढलं तर ताकीद सक्तीची, आणि जी उडी जीव घेऊ शकते तिच्याबद्दल वेगळा शब्द नाही! आपल्या घरातसुद्धा असंच नाही का होत? सून मोठ्यानं हसली तर सगळ्यांना ऐकू येतं. वरातीत पोरं गाडीच्या टपावर बसून नाचतात तेव्हा "वय आहे त्यांचं" म्हणून सोडून देतो.

महाराष्ट्रात फुटबॉलचं खरं वेड पाहायचं तर कोल्हापूरला. तिथं तालमींचे संघ आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. पेठेच्या पेठ शाहू स्टेडियमवर लोटते. गोल झाल्यावर खेळाडू आपल्या माणसांकडे धावला, तर तो सोहळा. तोच समोरच्या संघाच्या समर्थकांपुढे जाऊन हातवारे करू लागला, तर त्याची परतफेड मैदानावर होत नाही, बाहेर रस्त्यावर होते. हुल्लडबाजीच्या, हाणामारीच्या, दगडफेकीच्या बातम्या तिथून येतात. दगड लागतो तो हातवारे करणाऱ्याला नाही, बाजूनं जाणाऱ्या कुणाला तरी. आणि ४ जून २०२५ चं बंगळुरू तर आपण विसरूच शकत नाही. आयपीएल जिंकल्याचा जल्लोष स्टेडियमच्या आत चालू होता आणि बाहेर चेंगराचेंगरीत ११ माणसं गेली. आनंद ज्यांचा होता ते आत सुखरूप, किंमत मोजली ती बाहेरच्यांनी.

आता शर्टाच्या नियमाची बाजूही सांगायला हवी, एकतर्फी लिहिणं बरं नव्हे. नियम करणाऱ्यांचा त्रास मला समजतो. शर्टाच्या आत काय लिहिलेलं असेल याचा भरवसा नाही. कुणी मित्राचं नाव लिहील, कुणी राजकीय घोषणा, कुणी जाहिरात. २०१२ च्या युरोपीय स्पर्धेत डेन्मार्कच्या निकलास बेंटनरनं गोलनंतर एका सट्टेबाजीच्या कंपनीचं नाव असलेली अंतर्वस्त्राची पट्टी दाखवली, तेव्हा त्याला एक लाख युरो दंड आणि एका सामन्याची बंदी झाली. सगळ्यांना एकच नियम लावला की पंचाला विचार करावा लागत नाही. हिशेबनिसालाही असाच सरसकट नियम आवडतो.

पण सरसकट नियमाचा तोटा असा, की सोपं दिसतं तेवढंच पकडलं जातं. शर्ट लांबूनही दिसतो, खिजवणं ओळखायला मात्र जवळ जावं लागतं. २०१८ च्या विश्वचषकात स्वित्झर्लंडच्या झाका आणि शाकिरीनं सर्बियाविरुद्ध गोल केल्यावर दोन हातांनी पक्ष्याची खूण केली. वरवर पाहणाऱ्याला ती मुलांची खेळातली सावली वाटेल. पण दोघांची घराणी कोसोव्होतली, खूण अल्बेनियाच्या झेंड्यावरच्या दुतोंडी गरुडाची, आणि समोर सर्बिया. त्या खुणेमागे एका युद्धाची जखम होती. त्या खुणेसाठी दोघांना दहा-दहा हजार स्विस फ्रँक दंड झाला. म्हणजे मनात आणलं तर खुणेचा रोख शोधता येतो. मग इनिएस्ताच्या बनियनवरचं नाव वाचून कार्ड खिशात ठेवायला काय हरकत होती? शर्टाची सक्तीची ताकीद काढावी, वेळ दवडला तर तेवढा वेळ वाढवून द्यावा, आणि तोंडावर जाऊन खिजवणाऱ्याला आजच्यापेक्षा कडक शिक्षा करावी. मला विचाराल तर नियम असा हवा.

इथं कुणी म्हणेल, तुम्ही जैन घरातल्या बाई, तुम्ही तर संयमाच्या बाजूनं बोलायला हवं. म्हणून आपल्या बाहुबलीकडे येते. वेरूळ आपल्या शहरापासून जेमतेम तीस किलोमीटर. इंद्रसभेच्या लेण्यात वेलींनी वेढलेला बाहुबली आपण सगळ्यांनी पाहिला आहे. भावाबरोबरच्या तिन्ही द्वंद्वांत तो जिंकला. मल्लयुद्धात भरताला उचललं, पण आपटलं नाही. जिंकल्याच्या त्याच घटकेला राज्य सोडून निघाला. जिंकून आनंद न करणारा याहून मोठा कोण?

पण पुढची गोष्ट आपण मुलांना सांगतो का? वर्षभर उभा राहिला, वेली चढल्या, तरी केवलज्ञान होईना. आपल्या दिगंबर परंपरेत सांगतात, की भरताच्या भूमीवर उभा आहे हे शल्य मनात होतं. माझी धाकटी जाऊ श्वेतांबर घरातली. तिच्या माहेरी सांगतात, की ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी आल्या आणि म्हणाल्या, दादा, हत्तीवरून खाली उतर. हत्ती कुठला? तो तर जमिनीवर उभा. हत्ती मानाचा होता. लेण्यात बाहुबलीच्या बाजूला ज्या स्त्रिया आहेत, त्यांना कुणी विद्याधरी म्हणतात, कुणी या बहिणी. त्यांना पाहिलं की मला वाटतं, बाहेरून पुतळ्यासारखा शांत असलेल्या माणसाच्याही आत मान बसलेला असू शकतो. मग शर्ट फिरवत धावणाऱ्या मुलीच्या मनात तो असेलच असं कशावरून? शांत दिसणं म्हणजे नम्र असणं, हा हिशेब धर्मानंही मान्य केलेला नाही.

आता आपल्या घरात येऊ. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतली एक मुलगी सीए झाली. चौथ्या प्रयत्नात. वडील नाहीत, आईनं डबे करून शिकवलं. निकाल कळला तशी मायलेकी खाली पार्किंगमध्ये आल्या आणि मोबाइलवर गाणं लावून नाचल्या. दहा मिनिटं, फार तर. वरच्या मजल्यावरून एक बाई म्हणाल्या, "एवढं काय नाचायचं? शोभतं का मुलीच्या जातीला?" आणि खिडकी लावून घेतली. मुलीच्या आईनं लगेच गाणं बंद केलं. मला फार वाईट वाटलं. या आनंदात कुणाच्या नावे काय पडलं होतं? परीक्षा काही फुटबॉल नाही. एकीला मिळालेले मार्क दुसरीच्या खात्यातून वजा होत नाहीत. आयुष्यातल्या बऱ्याच आनंदांना समोरचा हरलेला संघ नसतोच, तिथं संकोच कशाचा करायचा?

त्याच आठवड्यात नात्यातल्या एका ग्रुपवर एका आईनं मुलाची गुणपत्रिका टाकली. टक्केवारी लिहिली आणि खाली एक ओळ, "बाकीच्या मुलांचंही कळवा." आवाज नाही, नाच नाही, अगदी सभ्य भाषा, वर हात जोडल्याचं चित्र. पण ती ओळ कुणासाठी होती ते ग्रुपवरच्या प्रत्येकीला कळलं, कारण एका घरात मुलगा नापास झाला होता. माझ्या लेखी पार्किंगमधल्या नाचाला कार्ड नाही, आणि या हात जोडलेल्या ओळीला लाल कार्ड.

पारण्याचंही तसंच. घरातल्या सुनेनं आठ उपवास केले तर मिरवणूक निघू दे, मंगलगीतं होऊ देत. इतरांनी मनापासून अनुमोदना केली तर त्यांनाही पुण्य लागतं, हे आपण मानतोच. पण "अमक्यांच्या सुनेनं तर तिसऱ्या दिवशीच सोडला" हे वाक्य उच्चारलं, की तपाचं सोनं तिथंच पितळ झालं. तीच हवेतली पापी, फक्त आपण ती मंदिराच्या पायरीवर देतो.

वरातीचं मात्र उलटं. तिथं कुणाला खिजवायचं नसतं, पण किंमत परके मोजतात. डीजेच्या भिंतीमागं दवाखाना असतो, परीक्षेला बसलेलं पोर असतं, नुकतीच प्रसूत झालेली बाई असते. ध्वनीनं किती जीवांना त्रास होतो हे अहिंसा मानणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. आपला आनंद दुसऱ्याच्या कानावर लादायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

म्हणून मी स्वतःपुरते दोन प्रश्न ठरवले आहेत. हा आनंद कुणाच्या तोंडावर फेकलेला आहे का? आणि याची किंमत दुसरं कुणी मोजतंय का? दोन्हींची उत्तरं नाही अशी आली, तर मग कितीही उड्या मारा, कितीही हसा, पेढे वाटा. एकाचंही उत्तर हो आलं, तर आवाज कितीही हळू असला तरी थांबा. उत्तम मार्दवाच्या दिवशी आपण मान सोडण्याबद्दल प्रवचन ऐकतो. या वर्षी त्या दिवशी घरातल्या मुलांपुढे हे दोन प्रश्न मांडून पाहा. बाहुबलीची गोष्ट सांगा, आणि बहिणी आल्या तिथपर्यंत सांगा. मध्येच सोडू नका.

आणि एक विनंती. तुमच्या इमारतीत कुणा लेकीचा निकाल लागला आणि ती खाली नाचताना दिसली, तर खिडकी लावून घेऊ नका. चपला घाला, खाली जा, आणि हक्कानं पेढा मागा.